सत्तेनंतरची सही
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



मी राजकारण्यांची स्वाक्षरीयुक्त छायाचित्रे जमवितो आणि तीही केवळ माजी राजकारण्यांची, हे कळताच बहुतेक जण विचारतात, ‘माजीच का?’ पदावर असलेल्या मंत्र्याची सही पुष्कळदा त्याचे कार्यालय करते. ती छायाचित्रावर छापलेली असते, रबरी शिक्क्याची असते किंवा एखाद्या सहायकाने सरावाने गिरविलेली असते. अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातही सही करणारी यंत्रे वापरली गेली आहेत. पद गेले की हा सरंजाम ओसरतो. पाकीट स्वतः फोडावे लागते, पेनही स्वतःच शोधावे लागते.

चिंतामणराव देशमुखांचेच पाहा. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही नोटांवरून घरोघर पोहोचली. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले; पुढे १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. नोटेवरची सही लाखो हातांतून फिरली, पण ती छापखान्याची. त्या कुलगुरुपदाच्या काळात कुणा विद्यार्थ्याला त्यांनी छायाचित्रावर सही करून दिली असेल, तर संग्राहक नोट बाजूला ठेवून तेच उचलील.

सरकारी बंगला सुटल्यावर माणसाचा माग काढणे अवघड. लोकसभेच्या सदस्य-परिचय ग्रंथांत स्थायी पत्ते मिळतात. तरी कित्येक पत्रे ‘घर सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत येतात. पत्रासोबत आपला पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट आणि एकच छायाचित्र पाठवावे. वृद्ध माणसाकडे दहा प्रती धाडून नंतर त्या विकणाऱ्यांना मी संग्राहक मानत नाही.

सही आली की भिंग घ्यावे. शाईची रेघ कागदाच्या पृष्ठभागावर वेगळी चमकते. छापील सही चित्रातच मुरलेली दिसते. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर संशय धरावा, कारण कोणताही माणूस दोनदा अगदी तशीच सही करीत नाही. सहायकाचा सराईत हात ओळखणे मात्र फार कठीण. तिथे सोबत आलेले पत्र आणि पाकिटावरचा टपालशिक्का उपयोगी पडतो. म्हणून पाकीट कधीही फेकू नये. चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन हे छायाचित्रांचे शत्रू. ऊन तर सहीची शाई पाहता पाहता उडविते.

आता थोडे नाजूक. माझ्या अल्बमात यशवंतराव चव्हाण आणि मधु दंडवते यांची पाने समोरासमोर आहेत. आणीबाणीत पहिले केंद्रात परराष्ट्रमंत्री होते, दुसरे बंगळूरच्या तुरुंगात होते. एका स्नेह्यांनी यांतले एक पान काढून टाकण्याचा सल्ला दिला. काही वर्षांनी दुसऱ्या स्नेह्यांनी समोरचे पान काढायला सांगितले. दोघांची कारणे त्यांच्या त्यांच्या परीने प्रामाणिक होती. माझीही मते आहेत आणि मतपेटीपाशी ती मी वापरतो. अल्बमात ती चालविली असती, तर तुमच्यासमोर आणण्याजोगे त्यात काही उरले नसते.

हा अल्बम मी आज शाळेच्या ग्रंथालयास देत आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना ही माणसे बहुधा रस्त्यांच्या नावांतूनच भेटतात. त्यांचे हस्ताक्षर त्यांनी एकदा जवळून पाहावे, एवढाच हेतू. अट एकच आहे. व्यवस्थापन बदलेल, देशातली सरकारेही बदलतील. कोणत्याही कारणाने यातले एकही पान काढू नये. पाने ६३ आहेत, प्रत्येकावर शिसपेन्सिलीने क्रमांक घातला आहे आणि यादीची एक प्रत मुख्याध्यापकांकडे, दुसरी माजी विद्यार्थी संघाकडे आजच सोपविली आहे.