वार द्यायचा तर पाळायचा
(महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यातील भाषण)



माजी विद्यार्थिनींनी समाजासाठी काहीतरी करावं, असा ठराव आज तुम्ही मांडलात. ठरावाला माझा पाठिंबा आहे. पण त्यातल्या 'काहीतरी' या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे.

बी.ए. झाल्यावर मी एका महिला सल्ला केंद्रात दर मंगळवारी जाऊ लागले. दोन महिने नेमानं गेले. मग घरी पाहुणे आले, मग सणवार. अशाच एका मंगळवारी मी गेले नाही. आदल्या आठवड्यात एका बाईला मीच सांगितलं होतं, "पुढच्या मंगळवारी या, आपण मिळून अर्ज लिहू." ती आली. सासरी दवाखान्याचं निमित्त सांगून, कडेवर मूल घेऊन आली. दुसऱ्या कुणाशी बोलायला तयार होईना. दोन तास बसली आणि परत गेली. पुन्हा कधीच आली नाही. केंद्रातल्या ताई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "येणं जमणार नसेल तर वार देऊ नकोस."

त्या दिवशी कळलं की मी तिथे सवडीनं जात होते आणि ती बाई जीव मुठीत धरून येत होती.

आपण शिकलो ते कुणाच्या जिवावर? पार्वतीबाई आठवले वैधव्यानंतर शिकल्या आणि मग हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्षानुवर्षं गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. 1916 साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, त्यामागे अशा बायकांची पायपीट होती. सवड मिळेल तेव्हा करायचं काम त्यांनी मानलं असतं, तर आपण आज इथे नसतो.

वस्तीत वर्षातून एकदा वह्या वाटतो, ते चुकीचं नाही. पण वह्या वाटायला पदवी लागत नाही. आपल्यातल्या कुणी बँकेत आहेत, कुणी परिचारिका, कुणी वकील, कुणी शिक्षिका. बँकवालीनं बाईचं स्वतःच्या नावाचं खातं उघडून द्यावं. परिचारिकेनं मार लागलेल्या बाईबरोबर दवाखान्यात जावं आणि जखमांची नोंद नीट होते ना, ते पाहावं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पीडित बाईच्या वतीनं दुसरी व्यक्तीही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार, उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला मोफत वकील मागता येतो. हे किती बायकांना ठाऊक असतं? ठाऊक असलं तरी कोर्टाच्या पायरीपर्यंत सोबत कोण जातं? तारखेला सोबत बसणं हेही काम आहे. त्याचा फोटो निघत नाही, एवढंच.

आणखी एक. तिथे गेल्यावर आधी ऐकायचं. "तू घर सोड" किंवा "तू जुळवून घे", यातलं काहीही आपण ठरवायचं नाही. निर्णय तिचा. कागद, माहिती आणि सोबत आपली.

आता वही फिरवते आहे. नावापुढे वार आणि वेळ लिहा. महिन्यातून दोनच तास जमणार असतील तर दोनच लिहा, कमीपणा नाही. पण लिहाल तो वार पाळा. आपल्या भरवशावर कुणीतरी घरातून निघालेली असेल.