घरात मांजर, दारात कुत्रा

पाळीव प्राण्यांची डॉक्टर म्हणून पुण्यात काम करताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘डॉक्टर, घरात मांजर आहे. आता एक कुत्रा दत्तक घ्यायचाय. जमेल का हो त्यांचं?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्साह असतो आणि थोडी धास्तीही. आपल्याकडे विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात, पण कुत्र्या-मांजराचं वैर त्याहूनही जास्त घरोघरी ठाऊक. मग काही जण घाबरून बेत सोडून देतात, तर काही जण ‘राहतील हळूहळू’ असं म्हणून कुत्र्याला थेट दिवाणखान्यात आणून सोडतात. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

विषय हौसेचा वाटला तरी त्यात जिवाचा प्रश्न असतो. मध्यम आकाराच्या कुत्र्यानं मांजर तोंडात धरून एकदा झटकलं, की काही क्षणांत सारं संपतं. मांजराची नखी कुत्र्याच्या डोळ्याला लागली, तर बुबुळाला जखम होते, कधी दृष्टीही जाते. आणि या दोन्ही गोष्टी टळल्या तरी तिसरी होतेच. आठ-दहा दिवसांत घरचे कंटाळतात आणि कुत्रा परत जातो. नशीब असेल तर निवाऱ्यात, नाहीतर लांबच्या एखाद्या रस्त्यावर. पाळलेल्या प्राण्याला उपाशी मरण्यासाठी असं वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हेही आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतं.

मुळात हे दोघे भांडतात का? कुत्रा मांजराच्या मागे धावतो तेव्हा तो बहुधा रागावलेला नसतो. टक लावणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग करणं आणि पकडणं हा त्याच्या पूर्वजांकडून आलेला शिकारीचा क्रम आहे. पळणारी वस्तू दिसली की तो आपोआप सुरू होतो. मग ती वस्तू चेंडू असो, स्कूटर असो की मांजर. म्हणूनच नसबंदी केल्यानं ही खोड जात नाही आणि मारल्यानं तर मुळीच जात नाही. उलट मांजर दिसलं की आपल्याला मार बसतो, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं होतं आणि आधी नसलेला राग तयार होतो.

शिवाय दोघांची भाषा निराळी. कुत्रा शेपटी हलवतो तेव्हा तो पुष्कळदा खुशीत असतो. मांजर शेपटी आपटायला लागलं, की ते वैतागलेलं असतं. कुत्रा पाठीवर लोळण घेतो, ती बहुतेक वेळा शरणागती असते. घाबरलेलं मांजर पाठीवर पडतं, तेव्हा त्याच्या चारही पायांची नखं लढायला मोकळी झालेली असतात. कुत्र्याला वाटतं, ही खेळायला बोलावतेय, आणि तो तोंड पुढे नेतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकाबाईंच्या घरी बंड्या नावाचा नऊ वर्षांचा बोका होता. त्यांनी रस्त्यावरची, दोनेक वर्षांची एक कुत्री घरी आणली. तिच्या कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी झालेली. स्वभावानं गरीब. तिचं नाव ठेवलं चिंगी. पहिल्याच दिवशी चिंगी बंड्याच्या मागे धावली आणि बंड्या माळ्यावर जाऊन बसला. बाईंनी त्याचं जेवण वर ठेवलं. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘बंड्या सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय, पण लघवी होत नाहीये.’ मी त्यांना आहे तसं निघून यायला सांगितलं. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. ताण आला, पाणी पिणं कमी झालं की मूत्राशयाला सूज येऊन तो मार्ग बंद होऊ शकतो आणि मग एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बंड्याला भूल देऊन नळी घातली आणि तो वाचला.

सगळं पार पडल्यावर बाई म्हणाल्या, ‘चिंगीला परत पाठवते. माझ्या बंड्याचा जीव जायचा.’ त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण मी घराची रचना विचारली, तेव्हा कळलं की बंड्याचा वाळूचा ट्रे बाथरूमजवळच्या बोळात होता आणि चिंगीचं अंथरूण त्याच बोळाच्या तोंडाशी. पाण्याचं भांडंही खालीच. बिचारा बोका दिवस दिवस लघवी धरून आणि पाण्यावाचून माळ्यावर बसत होता. मी म्हटलं, ‘चिंगीला पाठवायचं की नाही ते तीन महिन्यांनी ठरवू. आधी घर बदलू आणि दोघांची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून देऊ.’ बाई तयार झाल्या. आम्ही जे केलं, तेच आता क्रमानं सांगते.

पहिली पायरी घराची. मांजराला अशी एक खोली हवी, जिथे कुत्रा जाणारच नाही. तिथे त्याचा ट्रे, पाणी, जेवण आणि झोपायची जागा. ट्रे आणि जेवण एकमेकांपासून लांब, कारण मांजराला ते शेजारी शेजारी आवडत नाही. उरलेल्या घरात मांजराला उंचावरून फिरता यायला हवं. लोखंडी कपाटाचा माथा, भिंतीवरची फळी, खिडकीची रुंद कड, मध्ये चढायला एखादं स्टूल. उंचीवर बसलेलं मांजर निर्धास्त असतं. निर्धास्त मांजर पळत नाही आणि ते पळालं नाही, तर कुत्रा मागे लागत नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल, तर खिडक्यांना आणि बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात तशी पक्की जाळी आधी लावून घ्या. घाबरलेलं मांजर खिडकीच्या गजांमधून सहज बाहेर झेप घेतं.

दुसरी पायरी वासाची. पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना बघायचंच नाही. दार बंद. नव्या कुत्र्याची तपासणी, जंतांचं औषध आणि लसी याच काळात उरकतात, म्हणजे हे वेगळं राहणं दोन्ही अर्थांनी कामी येतं. एक जुना पंचा घेऊन मांजराच्या गालांवरून फिरवा आणि कुत्र्याच्या अंथरुणाजवळ ठेवा. कुत्र्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं मांजराच्या खोलीत ठेवा. रोज थोडा वेळ खोल्यांची अदलाबदल करा, म्हणजे कुत्रा फिरायला बाहेर गेला की मांजर सगळं घर हुंगून येईल. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं ठेवा. आधी दारापासून लांब आणि रोज वीतभर जवळ. दाराला लागून दोघंही शांतपणे जेवायला लागले, की ही पायरी झाली. चिंगी-बंड्याला इथवर यायला तीन आठवडे लागले.

या दिवसांत कुत्र्याला एकच धडा शिकवायचा. नाव घेतलं की आपल्याकडे बघायचं आणि बघितलं की खाऊ मिळतो. उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा पुरतो. हा धडा मांजर समोर नसताना इतका पक्का व्हायला हवा, की मांजर समोर आल्यावरही कुत्र्याची मान आपल्याकडे वळली पाहिजे. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष भेटीची. आधी कुत्र्याला भरपूर चालवून आणा. दमलेला कुत्रा अर्धा शहाणा असतो. घरात आल्यावर त्याच्या गळ्यात पट्टा हवा आणि दोरी कुणातरी मोठ्या माणसाच्या हातात. मांजर मात्र मोकळं. त्याला उचलून कुत्र्यासमोर कधीही धरायचं नाही. ते तुम्हालाच ओरबाडून काढील आणि त्याची भीतीही वाढेल. मध्ये जाळीचं दार असेल, तर उत्तम. पहिली भेट दोन-तीन मिनिटांचीच. कुत्रा मांजराकडे बघून मान आपल्याकडे वळवतो तेव्हा खाऊ द्यायचा आणि सगळं शांत असतानाच भेट संपवायची.

काय बघायचं, हेही सांगते. कुत्रा नजर हटवत नसेल, तोंड घट्ट मिटलेलं, कान पुढे, अंग ताठ किंवा थरथरत असेल, हाक मारली तरी ऐकत नसेल, तर लगेच त्याला बाजूला न्या. तो भुंकत नाही म्हणजे शांत आहे असं समजू नका. गप्प उभा राहून टक लावणारा कुत्रा भुंकणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो. उलट तो जमीन हुंगत असेल, जांभई देऊन नजर वळवत असेल, खाऊ घेत असेल, तर चांगलं चाललंय. मांजराचे कान मागे चपटे झाले, अंग फुललं, ते फिस्कारलं, तर अंतर वाढवा. फिस्कारणं हे भांडण नव्हे, ती ‘जवळ येऊ नकोस’ अशी सूचना आहे. त्यासाठी मांजराला रागावायचं नाही.

दिवाळीच्या फटाक्यांत किंवा घरात पाहुणे भरलेले असताना ही सुरुवात करू नका. एका आवाजानं घाबरलेलं मांजर समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडतं आणि आठवड्यांची मेहनत वाया जाते.

आणि सगळं छान चाललंय असं वाटलं, तरी पहिले काही महिने दोघांना एकटं सोडून भाजी आणायलाही जायचं नाही. दार बंद करून जायचं. कुत्र्याचं खाणं, हाडूक, आवडतं खेळणं यांच्या आसपास मांजर फिरू देऊ नका. मांजराचा ट्रे कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही असा ठेवा. पुष्कळ कुत्र्यांना त्यातली घाण खायची सवय असते आणि ट्रेवर बसलेलं असताना कुणी मागून आलं, की मांजर ती जागाच टाकतं.

आता एक गोष्ट मी जरा जोर देऊन सांगते. कुत्र्याच्या गोचिडी-पिसवांसाठी मानेवर टाकायची काही औषधं मिळतात, त्यांत परमेथ्रिन नावाचं द्रव्य असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला ते विष आहे, कारण मांजराचं यकृत त्याचा निचरा करू शकत नाही. मांजराला ते लावणं तर दूरच, औषध ओलं असताना मांजर कुत्र्याला चिकटून झोपलं किंवा त्यानं कुत्र्याचं अंग चाटलं, तरी त्याला झटके येऊ शकतात. म्हणून घरात मांजर आहे हे आधी डॉक्टरांना सांगा आणि मगच औषध घ्या. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला कधी देऊ नका. तीही त्याचा जीव घेते.

दोघांची झटापट झालीच, तर मध्ये हात घालू नका. उशी, पाट, सतरंजी, जे हाताशी असेल ते मध्ये सरकवा. मांजराला चावा बसला असेल, तर जखम टिचभर दिसली तरी दाखवायला आणा. दाताचं भोक बाहेरून लहान आणि आत मोठी इजा, असं पुष्कळदा असतं. तुम्हाला दात किंवा नख लागलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दोन्ही जनावरांचं रेबीजचं लसीकरण डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना झालेलंच हवं. आणि मांजर दोन दिवस जेवलं नाही, तर ‘रुसलंय’ म्हणून थांबू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते दुखणं जिवावरचं आहे.

कुत्रा निवडतानाही विचार करा. लहानपणी, तीन-साडेतीन महिन्यांच्या आत मांजर बघितलेलं पिल्लू लवकर रुळतं. मोठा कुत्रा घेत असाल, तर निवाऱ्यातल्या माणसांना विचारा, की मांजर दिसलं की हा काय करतो? कारवानसारखे सशामागे धावणारे शिकारी कुत्रे देखणे असतात, पण मांजराच्या घरात त्यांना आणताना दहादा विचार करावा. काही कुत्री कितीही शिकवली तरी मांजराबरोबर सुरक्षित राहू शकत नाहीत. तसं दिसलं, तर मांजर नसलेलं दुसरं चांगलं घर शोधून द्यावं. ती हार नाही. दोन्ही जनावरांचा त्यातच विचार आहे.

चिंगी राहिली. साधारण अकराव्या आठवड्यात बंड्या पहिल्यांदा चिंगी खोलीत असताना माळ्यावरून खाली उतरला, तिच्याकडे न बघता पाणी प्यायला आणि निघून गेला. बाईंनी मला दवाखान्यात फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं. ही दोघं एका टोपलीत झोपतात असं मात्र नाही. त्याची गरजही नसते. एकानं सोफ्यावर, दुसऱ्यानं कपाटावर बसावं आणि दोघांनाही आपापल्या जागी निवांत झोप लागावी, एवढं झालं तरी ते खरं यश. तुमच्या घरात मांजर असेल आणि मनात कुत्रा असेल, तर जरूर आणा. फक्त आणण्याआधी एका खोलीचं दार नीट लागतं का, ते बघून ठेवा.