बिऱ्हाड कोठे करावे?



या व्यासपीठावर मोठे व्यासंगी वक्ते येऊन गेले. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. म्हणून विषयही साधाच घेतला आहे. नुकतेच लग्न झालेल्या दोघांनी कोणत्या शहरात, आणि त्या शहराच्या कोणत्या भागात बिऱ्हाड करावे? लग्नसराईत पगाराच्या तक्रारीइतकीच ही चौकशी करणारी पोरे आमच्या कचेरीत येतात.

नवराबायकोने मिळून शहरात राहावयाचे, ही गोष्ट आपल्या कामगाराला फार जुनी नाही. कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली, ती बहुतेक एकटी. बायका गावी शेत आणि म्हातारी माणसे सांभाळीत. इकडे लालबाग-परळला एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी, आणि जेवण खानावळीत. खानावळ चालविणाऱ्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ या नावाने बांधली, इतका हा धंदा मोठा होता. ज्यांना कुटुंब आणता आले त्यांनीही जागा निवडली असे नाही. भोंगा जेथे ऐकू येई तेथे राहावयाचे. बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. पण गिरणी चालत जाण्याच्या अंतरावर.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या मिटत गेल्या, आणि चाळीतले संसार दिवा, कल्याण, बदलापूर, विरार असे पांगले. एका खोलीच्या दोन झाल्या, संडास घरात आला. हे सुख लहान नाही, त्याची चेष्टा मी करणार नाही. पण त्याची किंमत कोणत्या नाण्यात दिली, ते पाहू.

कल्याणहून बोरीबंदर सुमारे ५४ किलोमीटर. जलद गाडी मिळाली, आणि तीत शिरता आले, तर तासभर. घरापासून स्टेशन वीस मिनिटे, उतरल्यावर कामाच्या जागेपर्यंत पंचवीस. म्हणजे एका खेपेला पावणेदोन तास, दिवसाला साडेतीन. महिन्याचे पंचवीस दिवस धरा, साडेसत्त्याऐंशी तास होतात. आठ तासांची एक पाळी या मापाने जवळजवळ अकरा पाळ्या! या अकरा पाळ्यांचा पगार कोणी देत नाही, आणि कोणत्याही मागणीपत्रात त्या बसत नाहीत. आठ तासांच्या दिवसासाठी आमच्या आधीच्या पिढ्या लढल्या; मिळालेले तास आपण लोकलला देऊन मोकळे होतो. भाडे किंवा हप्ता मोजताना या पाळ्याही शेजारी मांडा. पाच हजारांनी स्वस्त दिसणारी जागा पुष्कळदा महाग निघते.

दुसरा प्रश्न मी विचारतो तेव्हा नवरदेव गप्प होतात. अंतर कोणाच्या कामावरून मोजले? बहुधा नवऱ्याच्या. मग पहिले मूल झाले की बाईची नोकरी सुटते आणि घरचे म्हणतात, तिने हौसेने सोडली. माझे मत उलट आहे. पाणी, स्वयंपाक आणि मूल आपल्याकडे अजून जिच्या अंगावर पडते, तिच्या कामाजवळ घर घ्यावे. "पण माझा पगार जास्त आहे," असे उत्तर मिळते. असेल. परंतु दुसरा पगार हाच कामगाराच्या घरचा खरा विमा. कारखान्याला टाळे लागले की चूल कोणी पेटती ठेवली, हे संपाच्या दिवसांत गिरणगावाने पाहिले आहे.

शहराच्या निवडीलाही हीच कसोटी लावा. पुणे, नाशिक, वाळूज, चाकण, काहीही घ्या; एकाला काम मिळते एवढ्यावर जाऊ नका. दुसऱ्यालाही मिळेल का, आणि पहिल्याचे गेले तर त्याच गावात दुसरे आहे का, ते पाहा. एका दरवाजाच्या गावात बिऱ्हाड म्हणजे मालकाच्या मुठीत मान. हल्ली तर नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटाची आणि कर्ज वीस वर्षांचे!

म्हणून आधी भाड्याने राहा. निदान एक पावसाळा काढा. करार लेखी करून नोंदवून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. जाहिरातीतील "स्टेशनपासून पाच मिनिटे" ही बिल्डरच्या मोटारीची असतात. सोमवारी सकाळी आठ वाजता दोघांनी स्वतः चालत जाऊन घड्याळ लावावे. पाणी किती वाजता येते, हे दलालास न विचारता तळमजल्यावरच्या बाईस विचारावे. रात्रपाळीहून एकट्या बाईस परत येता येईल का, हेही तीच सांगेल.

हा हिशेब माझ्या एकट्याचा नाही. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना बदलापूरच्याही पलीकडे शेलू-वांगणीस घरे देऊ केली, तेव्हा २०२५ साली म्हातारी माणसे आझाद मैदानावर येऊन बसली. घर मुंबईतच हवे, ही त्यांची मागणी. फुकटचा हट्ट म्हणून त्यांना हसणारे लोक मला भेटले. त्यांतला कोणी वांगणीहून रोज कामाला येणारा नव्हता.

आणि विकत घेण्याची वेळ आलीच, तर कागदावर नाव कोणाचे, हे सही करण्यापूर्वी घरात बोला. केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत राज्याने २०२१ पासून दिली आहे. ती पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना असते त्यांपैकी काही नवरे म्हणतात, राहू द्या, एक टक्क्याने काय होते. त्यांच्या बायका येथे बसल्या असतील, तर आज घरी गेल्यावर त्यांनी तो एक टक्का रुपयांत मोजून घ्यावा.