समदुःखी सखी

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीच्या समाचारास येणाऱ्यांची उणीव नसते. फळे येतात, उपदेश येतो, 'आता सारे ठीक होईल' असे आश्वासनही मिळते. परंतु हात पूर्ववत वर कधी जाईल, चोळी कशी शिवावी, पतीसमोर कसे वावरावे, हे तिने कोणास विचारावे? ज्याचे जळते त्यालाच कळते.

न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर ह्या बाईंवर १९५२ साली ही शस्त्रक्रिया झाली. त्या काळी स्तनासमवेत छातीचे स्नायूही काढून टाकीत. घरी परतल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अशाच इतर रुग्ण स्त्रियांना त्या रुग्णालयात जाऊन भेटू लागल्या. हाताच्या व्यायामासाठी दोरी व चेंडू आणि पोलक्यात घालावयाचा तात्पुरता कृत्रिम स्तन त्या देत. काही डॉक्टरांना ही ढवळाढवळ वाटली. तरीही 'रीच टू रिकव्हरी' हे त्यांचे कार्य वाढले आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपलेसे केले. भेटीस जाणाऱ्या सखीने औषधोपचाराचा सल्ला देऊ नये, हा त्यातील मोलाचा दंडक होय.

श्रोतेहो, अशा सहवासाने आयुष्य वाढते काय? रोग शरीरात अन्यत्र पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास डेव्हिड स्पीगेल ह्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केला. दर आठवड्यास एकत्र जमून मन मोकळे करणाऱ्या स्त्रिया इतरांहून सरासरी दीड वर्ष अधिक जगल्या, असे त्यात दिसले. मोठी आशा निर्माण झाली. परंतु २००१ साली कॅनडातील पामेला गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यात आयुर्मर्यादा वाढलेली आढळली नाही. २००७ साली स्वतः स्पीगेल ह्यांच्या दुसऱ्या अभ्यासातही, एकंदरीत पाहता, तसेच दिसून आले. मात्र गुडविन ह्यांच्या अभ्यासात मनाची व्यथा व शरीराच्या वेदना कमी झाल्या होत्या. आणि आरंभी ज्या अधिक खचलेल्या होत्या, त्यांना लाभही अधिक झाला.

म्हणून अशा मंडळाने आयुष्याचे वचन देऊ नये आणि कोणीही त्याच्या भरवशावर उपचार सोडू नयेत. दिवस मोजके असले, तरी ते एकटीने कंठावे लागू नयेत, एवढेच त्याचे काम. आणि ते लहान नव्हे. जेथे मंडळ नाही, तेथे दोघी जणीही पुरेशा आहेत. एकीने बोलावे, दुसरीने ऐकावे. आणि 'रडू नकोस' असे मात्र म्हणू नये.