चौकशीच्या दप्तरातून उमटलेली कविता

खाणींत राबणाऱ्या बालकांच्या जबान्या घेण्यासाठी इंग्लंडच्या सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अंधाऱ्या भुयारांत कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुलांची त्यातील चित्रे पाहून सुशिक्षित समाज हादरला, आणि त्याच वर्षी स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरविण्यास कायद्याने मनाई झाली. या चौकशीतील एक अंमलदार रिचर्ड हॉर्न हा कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिचा पत्रस्नेही. त्याची प्रतिवृत्ते वाचून, लंडनमध्ये रुग्णशय्येला खिळलेल्या या विदुषीने रचलेली ‘द क्राय ऑफ द चिल्ड्रन’ ही कविता ऑगस्ट १८४३ मध्ये ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात आली. कवी वर्ड्‌स्वर्थच्या काव्यातील बालक निसर्गाच्या सान्निध्यात दिव्यत्व अनुभवते; या कवितेतील बालके मात्र यंत्रचक्रांच्या घरघरीत मृत्यूलाच विसावा मानतात, आणि काव्याच्या या स्थित्यंतराचे श्रेय मी निःसंकोचपणे त्या सरकारी कागदपत्रांनाही देतो.