हृदयविकार आणि वार्धक्यातील विस्मरण



हृदयविकाराने रुग्णालयात दाखल झालेली वृद्ध व्यक्ती काही दिवसांनी बरी होऊन घरी परतते. पायांवरची सूज ओसरलेली असते, दमही कमी झालेला असतो. हाती औषधांची चिठ्ठी असते आणि पथ्याच्या सूचना कानांवर घातलेल्या असतात. महिना लोटतो न लोटतो तोच सूज पुन्हा चढते, रात्री आडवे पडणे अशक्य होते आणि पुन्हा रुग्णालयाची वाट धरावी लागते. घरची मंडळी म्हणतात, "औषध लागू पडले नाही." पुष्कळदा वस्तुस्थिती निराळी असते. औषध पोटात गेलेलेच नसते, किंवा एकच गोळी दोनदा गेलेली असते. रुग्णाने हे हट्टाने केलेले नसते, त्याला आठवलेलेच नसते.

हे विस्मरण केवळ वयामुळे येते असे नव्हे. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असते, परंतु शरीर वापरीत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के प्राणवायू त्याला लागतो. हा पुरवठा रक्तावाटे होतो. हृदय दुर्बळ झाले की त्याची झळ मेंदूलाही पोहोचते. शिवाय उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू हृदयाच्या रक्तवाहिन्यांप्रमाणेच मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्यांचीही हानी करतात. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात त्या विकाराच्या रुग्णांपैकी साधारणपणे पाव ते निम्म्या रुग्णांत स्मरण, अवधान किंवा निर्णयशक्ती यांत काही ना काही उणीव असल्याचे अनेक पाहण्यांत आढळून आले आहे.

ही उणीव सहसा लक्षात येत नाही. जुन्या आठवणी शाबूत असतात, गप्पागोष्टी नेहमीसारख्या चालतात. मात्र सकाळची गोळी कोणती, रात्रीची कोणती, वजन वाढले तर काय करावे, हा हिशेब जमेनासा होतो.

अमेरिकेत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची एक पाहणी 2015 साली प्रसिद्ध झाली. रुग्णांना तीन शब्द सांगून थोड्या वेळाने ते विचारण्यात आले आणि मधल्या वेळात घड्याळाची तबकडी काढावयास सांगण्यात आले. या चाचणीला अवघी काही मिनिटे लागतात. तीत जे मागे पडले, त्यांच्यावर पुन्हा रुग्णालयात येण्याचा किंवा मृत्यूचा प्रसंग अधिक प्रमाणात ओढवला. परंतु त्यांच्यापैकी जे थेट घरी न जाता शुश्रूषेची सोय असलेल्या संस्थेत गेले, त्यांच्या बाबतीत हा धोका कमी झाल्याचे दिसले. त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. औषध देणारे आणि लक्ष ठेवणारे माणूस जवळ असेल, तर विस्मरण असूनही रुग्ण सावरू शकतो.

आपल्याकडे अशा संस्था थोड्या आहेत. ते काम घरालाच करावे लागते. रुग्णालयातून निघताना औषधे समजावून घेण्यासाठी रुग्णाबरोबर घरातील एका जबाबदार व्यक्तीने हजर राहावे. गोळ्यांसाठी सकाळ, दुपार, रात्र अशा खणांची डबी ठेवावी व गोळी डोळ्यांदेखत घेतली जाईल असे पाहावे. दररोज सकाळी वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर डॉक्टरांना दाखवावे. मिठावर कटाक्ष ठेवावा. पेजेबरोबरचे लोणचे, पापड आणि खारवलेली मासळी यांतूनही मीठ पोटात जाते, हे विसरू नये.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज एकाएकी असंबद्ध बोलू लागली किंवा सतत गुंगीत राहू लागली, तर ते म्हातारपण समजून थांबू नये. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट किंवा औषधाचा दुष्परिणाम हे त्याचे कारण असू शकते. त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. सावकाश आलेले विस्मरणही दर वेळी कायमचे नसते. मानसिक उदासीनता, थायरॉइडचा विकार, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांवर उपचार होऊ शकतात. बहिरेपणामुळेही सूचना नीट पोहोचत नाहीत आणि माणूस विसरभोळा वाटतो.

निरक्षर वृद्धांची परीक्षा घड्याळाच्या चित्राने करणे न्याय्य ठरत नाही. ज्याने कधी पेन्सिल धरली नाही, तो बुद्धी शाबूत असूनही अडखळतो. हरियाणातील बल्लभगड परिसरात संशोधकांनी निरक्षर ग्रामस्थांना साजेशी हिंदी प्रश्नावली 1990 च्या दशकात तयार केली, ती याच जाणिवेतून.

आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनी हृदयरोग्याची नाडी पाहताना त्याच्या स्मरणाचीही चौकशी करावी. निवृत्तिवेतनाच्या खिडकीवर वृद्ध गोंधळले, तर अधिकाऱ्यांनी सबुरीने पुन्हा सांगावे. शिक्षकांनी मुलांकडून आजी-आजोबांचा औषधांचा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा. ज्येष्ठांसाठी 14567 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

चिठ्ठीवर औषधे लिहिणे हे डॉक्टरांचे काम होय. ती वेळेवर पोटात जातात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी विसरू लागलेल्या माणसावर एकट्यावर टाकता येणार नाही. ती घराने आणि गावाने उचलावी.