मुद्दाम आणलेल्या कांजिण्या



अमेरिकेत एखाद्या घरी कांजिण्या आल्या की काही आईबाप आपली मुले मुद्दाम तिथे खेळायला पाठवीत. लहानपणीच आजार उरकला म्हणजे मोठेपणी धास्ती नको, हा त्यामागचा हिशेब. मोठ्यांना कांजिण्या अधिक छळतात. म्हणून लस नव्हती तोवर त्यात थोडे तथ्य होते, हे आम्ही मान्य करतो. पण आम्ही बँकेतली माणसे, जमेबरोबर खर्चही पाहणार! लसीपूर्वी तिथे दरवर्षी १०० ते १५० माणसे कांजिण्यांनी दगावत. धडधाकट मुलेही त्यांत असत. शिवाय विषाणू मज्जातंतूंत दडून बसतो आणि पुढे नागीण होऊन उठतो.

स्वतःच्या मुलाचे हाल पाहिलेल्या जपानच्या डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली लस सिद्ध केली. अमेरिकेत ती १९९५ साली आली. तरी २०१९ साली केंटकीचे तत्कालीन गव्हर्नर मॅट बेव्हिन यांनी आपल्या मुलांना मुद्दाम लागण करविल्याचे रेडिओवर सांगितले. नऊही मुलांना!

पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल लागण पसरवू लागते. ती शेजारच्या गरोदर बाईपर्यंत, तान्ह्या बाळापर्यंत, कर्करोगाचे औषधोपचार चालू असलेल्या मुलापर्यंत जाते. लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची असल्याने या तिघांना ती टोचताही येत नाही.